ध्वनी आहे, चित्र नाही: अंकीकृत व्हीएचएस फाइलच्या दुरुस्तीचे एक प्रकरण

एका रंगमंचीय कार्यक्रमाचे सुमारे दीड तासाचे चित्रीकरण पाल या जुन्या टीव्ही मानकाच्या व्हीएचएस कॅसेटवर होते. ही कॅसेट व्हीसीआरला लावून, यूएसबी कॅप्चर उपकरणामार्फत, एका जुन्या विंडोज संगणकावर व्हर्च्युअलडब या प्रोग्रामने उतरवून घेण्यात आली आणि त्यातून ५० जीबीहून मोठी अशी एक एव्हीआय फाइल तयार झाली. व्हीएलसी प्लेअरमध्ये ही फाइल पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत सुरळीत चालत होती. संपादनासाठी मात्र ती दुसऱ्या, नव्या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तेव्हा टाइमलाइनवर ध्वनीची तरंगरेषा उमटली आणि चित्राच्या जागी काळा चौकोन राहिला.

प्रकरण माझ्याकडे आले तोवर फाइलच्या मालकांनी दोन उपाय करून पाहिले होते. इंटरनेटवरून एक कोडेक पॅक, म्हणजे चित्र-ध्वनी संकुचित करणाऱ्या व उलगडणाऱ्या प्रोग्रामांचा (कोडेकांचा) संच, उतरवून बसवला होता. त्याने काहीच फरक पडला नाही. नंतर एका मोफत कन्व्हर्टरने फाइलचे १९२०×१०८० आकाराच्या एमपी४मध्ये रूपांतर केले. ही नवी फाइल टाइमलाइनवर दिसू लागली, पण कलाकार आडवे पसरलेले दिसत, आणि कोणी हात हलवला की हाताभोवती जाड आडवे पट्टे उमटत. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की अंकीकरणच सदोष झाले असून कॅसेट पुन्हा उतरवून घ्यावी लागेल.

हा निष्कर्ष स्वीकारण्याची घाई करू नये, असे माझे पहिले मत होते. जुन्या चुंबकीय फितीचा प्रत्येक फेरा तिच्यावरील थराची थोडी झीज करतो, आणि यंत्र बिघडलेले असेल तर एका फेऱ्यातही फीत चुरगळू शकते. त्यामुळे पुन्हा कॅप्चर करणे हा अगदी शेवटचा उपाय ठरतो. शिवाय एका प्रोग्रामला जे चित्र दिसते ते फाइलमध्ये असलेच पाहिजे. माहिती शाबूत आहे आणि तिचा अर्थ लावण्यात दोन प्रोग्रामांचे एकमत होत नाही, एवढेच त्या क्षणी निश्चित म्हणता येत होते. पुढचा सर्व तपास याच गृहीतकावर केला.

आधी कामाची प्रत

मूळ फाइलची चेकसम (फाइलमधील काहीही बदलले तर बदलणारी ओळखसंख्या) काढून ती फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर बाजूला ठेवली आणि प्रतीमधून एक मिनिटाचा तुकडा कापून घेतला. हा तुकडा पुन्हा एन्कोड न करता, आहे तसाच प्रवाह उचलून, एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रामने कापला. या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असल्यामुळे कोठूनही कापले तरी चालते. एमपी४मध्ये नेहमी आढळणाऱ्या एच.२६४सारख्या कोडेकमध्ये हे इतके सरळ नसते, कारण तेथे बहुसंख्य फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात.

तुकडा कोणता निवडावा याला महत्त्व आहे. स्थिर दृश्य घेतले तर निम्मे दोष लपतात. येथे निवडलेल्या मिनिटात वेगाने हलणारे हात होते, कॅमेऱ्याच्या अगदी समोर येणारे पार्श्वभूमीवरील एक गोल चिन्ह होते, आणि पांढरा व लाल असे दोन्ही रंगांचे पोशाख होते. हालचाल, वर्तुळ, पांढरा आणि लाल या चार गोष्टींवर जवळजवळ सर्व निदान पार पडले.

फाइल स्वतःबद्दल काय सांगते

मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामने दिलेला तपशील असा होता: कंटेनर (चित्र व ध्वनी एकत्र बांधणारा फाइलचा साचा) एव्हीआय, मोठ्या फाइलींसाठीच्या ओपनडीएमएल विस्तारासह, चित्राचा कोडेक हफवाययूव्ही, आकार ७२०×५७६, वेग सेकंदाला २५ फ्रेम, रंगांची मांडणी ४:२:२ (रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्म्या बारकाईने), ८ बिट, ध्वनी असंकुचित पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. दृश्य गुणोत्तराच्या रकान्यात ५:४ असे लिहिले होते. इंटरलेस्ड (सम-विषम ओळींचे दोन अर्धे भाग, म्हणजे फील्ड, गुंफलेले) की प्रोग्रेसिव्ह (फ्रेम एकसंध), फील्डचा क्रम कोणता, रंगांचे मानक कोणते, याबद्दल एक अक्षरही नव्हते.

यातील ५:४ हा आकडा फसवा आहे. ७२० भागिले ५७६ केले की १.२५ येते, आणि पिक्सेलच्या आकाराबद्दल काहीच माहिती न सापडल्यामुळे प्रोग्रामने तो भागाकार तसाच मांडला आहे. व्हीएचएसवरील चित्र ४:३ असते. एव्हीआय हा १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेला कंटेनर असून त्याच्या मूळ हेडरमध्ये पिक्सेलचा आकार किंवा फील्डचा क्रम नोंदवण्याची सोयच नव्हती. पुढे ओपनडीएमएल विस्ताराने तशी जागा करून दिली, परंतु ती भरणे ऐच्छिक राहिले, आणि या फाइलमध्ये ती भरलेली नव्हती. थोडक्यात, फाइलकडे चित्राचे सर्व पिक्सेल होते; ते कसे दाखवावेत याच्या सूचना नव्हत्या. जेथे सूचना नसते तेथे प्रत्येक प्रोग्राम अंदाज करतो, आणि प्लेअरचा अंदाज व संपादन सॉफ्टवेअरचा अंदाज जुळलाच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही.

काळा चौकोन

पहिले लक्षण सर्वांत भीतीदायक होते आणि त्याचे कारण सर्वांत सोपे निघाले. व्हीएलसी आपले डीकोडर स्वतःबरोबर बाळगतो. संगणकावर कोणता कोडेक बसवला आहे याची त्याला पर्वा नसते. म्हणूनच ‘व्हीएलसीमध्ये चालते’ या विधानातून फाइल शाबूत आहे एवढेच सिद्ध होते, ती इतरत्र चालेल हे सिद्ध होत नाही. संपादन सॉफ्टवेअर मात्र स्वतःला ठाऊक असलेले ठरावीक कोडेकच थेट वाचते, आणि उरलेल्यांसाठी, झालेच तर, विंडोजमध्ये नोंदवलेल्या जुन्या व्हिडिओ फॉर विंडोज पद्धतीच्या कोडेककडे वळते. हफवाययूव्हीचा मूळ कोडेक ३२ बिटचा आहे. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटची डीएलएल (प्रोग्रामला जोडली जाणारी कोडची फाइल) आपल्या प्रक्रियेत लोड करू शकत नाही, आणि आजची प्रमुख संपादन सॉफ्टवेअर ६४ बिटची आहेत. ध्वनी साधा पीसीएम असल्यामुळे तो वाचला गेला. चित्राला वाचक मिळाला नाही.

ही शंका पडताळण्यासाठी एकाच गोष्टीत बदल केला. तोच एक मिनिटाचा तुकडा, त्याच आकारात आणि त्याच वेगाने, केवळ कोडेक व कंटेनर बदलून, प्रोरेस ४२२ एचक्यू या संपादनासाठीच्या कोडेकमध्ये एमओव्ही फाइल म्हणून ठेवला. तो टाइमलाइनवर टाकताच चित्र दिसले. हा बदल करताना आकार, गुणोत्तर किंवा फील्ड यांना मुद्दाम हात लावला नव्हता, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर चित्र दिसू लागल्यावरही ते कशामुळे दिसले हे कळत नाही.

६४ बिटचा एखादा पर्यायी डीकोडर बसवूनही हे काम काही सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकते, हे खरे आहे. मला तो मार्ग पसंत नाही. तो त्या एका संगणकापुरता राहतो, मॅकवर निरुपयोगी ठरतो, आणि जी सॉफ्टवेअर व्हिडिओ फॉर विंडोजकडे पाहतच नाहीत त्यांच्यापुढे अडून बसतो. कोडेक पॅकबद्दल तर याहून कडक बोलावे लागेल: ते एकाच वेळी डझनभर डीकोडर नोंदवतात, त्यांपैकी कोणता कधी पुढे येईल याचा भरवसा राहत नाही, आणि आधी नीट दिसणाऱ्या इतर फाइलींचे रंगही त्यानंतर बदललेले आढळतात. येथे बसवलेला पॅक सर्वप्रथम काढून टाकण्यात आला.

प्रोरेस निवडण्याचे कारण असे की तो ४:२:२ रंगमांडणी जपतो, १० बिटचा असल्यामुळे ८ बिटची मूल्ये त्यात सहज मावतात, आणि मूळ माहितीचे मध्येच आरजीबीमध्ये (लाल-हिरवा-निळा मूल्यांमध्ये) रूपांतर करावे लागत नाही. शेवटचा मुद्दा पुढे पांढऱ्या पोशाखाच्या बाबतीत निर्णायक ठरला.

चित्र आले, पण अरुंद

आता टाइमलाइनवर माणसे किंचित लांबुडकी दिसत होती आणि पार्श्वभूमीवरील गोल चिन्ह उभट लंबवर्तुळ झाले होते. सॉफ्टवेअरने पिक्सेल चौरस मानले होते. मानक व्याख्येच्या (एसडी) अंकीय चित्रात ते चौरस नसतात. ७२०×५७६ हे चित्र चौरस पिक्सेलने दाखवले तर ४:३पेक्षा अरुंद होते, तर एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही मानकाचे ७२०×४८० चित्र तसेच दाखवले तर ३:२, म्हणजे ४:३पेक्षा रुंद होते. त्यामुळे माणसे बारीक दिसली तर पाल आणि जाड दिसली तर एनटीएससी, असा पहिला ठोकताळा नजरेनेच बांधता येतो.

दुरुस्ती किती करावी याबद्दल दोन आकडे प्रचलित आहेत आणि त्यांतून गोंधळ होतो. संपूर्ण ७२० पिक्सेलची रुंदी ४:३ मानली तर पिक्सेलचे गुणोत्तर १६:१५, म्हणजे सुमारे १.०६७ येते. परंतु चित्राचे नमुने १३.५ मेगाहर्ट्झने घेतले जातात आणि पाल पद्धतीत एका ओळीतील प्रत्यक्ष चित्राचा काळ ५२ मायक्रोसेकंद असतो. म्हणजे खरे चित्र ७०२ पिक्सेलमध्येच मावते आणि बाकीचे पिक्सेल दोन्ही कडांचे समास असतात. त्या हिशोबाने गुणोत्तर ५९:५४, सुमारे १.०९३, निघते, एमपीईजी-४ मानकातील १२:११ हे त्याचेच सोयीस्कर रूप आहे. या फाइलच्या दोन्ही बाजूंना काळ्या बारीक पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे दुसरा हिशोब लागू होता. दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापले की ७०४ उरतात, आणि ७०४ला १२:११ने गुणले की नेमके ७६८ मिळतात. ७६८×५७६ हे शुद्ध ४:३ आहे. असे केल्यावर गोल चिन्ह पडद्यावर मोजून पाहिले, तेव्हा त्याची उंची व रुंदी समान भरली.

मालकांच्या एमपी४मध्ये माणसे आडवी का पसरली होती याचाही उलगडा येथेच होतो. कन्व्हर्टरने ४:३ चित्र १६:९च्या चौकटीत ताणून बसवले होते. १०८० ओळींच्या चौकटीत ४:३ चित्राची योग्य रुंदी १४४० पिक्सेल असते. दोन्ही बाजूंना काळी जागा राहते आणि ती राहू द्यावी.

फील्डचा क्रम

पाल व्हिडिओमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात असे म्हटले जाते, पण व्हिडिओ कॅमेऱ्याने प्रत्यक्षात सेकंदाला ५० फील्ड टिपलेली असतात. प्रत्येकात २८८ ओळी, एका फील्डमध्ये सम तर दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींमध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर. एका फ्रेममध्ये ही दोन फील्ड एकमेकांत गुंफलेली असतात. हात स्थिर असेल तर काही कळत नाही. तो हलत असेल तर दोन फील्डमध्ये तो दोन जागी असतो, आणि फ्रेम थांबवून पाहिली की त्याच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. संपादन सॉफ्टवेअरच्या खिडकीत थांबवलेल्या फ्रेमवर अशा रेषा दिसणे हा दोष नव्हे. प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग (गुंफलेली फील्ड सुटी करून पूर्ण फ्रेम बनवणे) चालू असल्याने त्या तेथे दिसत नव्हत्या, इतकेच.

खरा दोष चित्र चालू केल्यावर दिसला: हलणारे हात पुढे जाताना प्रत्येक फ्रेमला किंचित मागे येत, आणि त्यामुळे संपूर्ण हालचाल थरथरत होती. हा फील्डचा क्रम उलटा लागल्याचा नेमका पुरावा आहे. डीव्ही (अंकीय कॅमकॉर्डरच्या) फाइलींमध्ये खालचे फील्ड आधी येते, आणि पाल पद्धतीसाठी सॉफ्टवेअरने आपोआप निवडलेली टाइमलाइन डीव्हीच्या नमुन्यावर बेतलेली होती. कॅप्चर उपकरणाने मात्र वरचे फील्ड आधी ठेवले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, ती अशी की स्थिर फ्रेम कितीही न्याहाळली तरी क्रम कळत नाही, कारण दोन्ही क्रमांमध्ये ती फ्रेम हुबेहूब सारखीच दिसते. एव्हीसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्राममध्ये फील्ड वेगवेगळी करून एकामागून एक पुढे सरकवली: वरचे आधी असे मानल्यावर हात सरळ पुढे गेला, खालचे आधी मानल्यावर तो मागे-पुढे झाला. प्रश्न सुटला.

प्रोरेस फाइल पुन्हा बनवताना ती इंटरलेस्ड असल्याची आणि वरचे फील्ड आधी असल्याची खूण तिच्यात लिहिली, आणि मग सॉफ्टवेअरने क्रम स्वतःहून बरोबर ओळखला. ज्यांना फाइल पुन्हा बनवायची नाही त्यांना बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन गुणोत्तर आणि फील्डचा क्रम हाताने ठरवता येतो. तेवढ्याने काम भागते, मात्र प्रत्येक नव्या प्रकल्पात ते पुन्हा करावे लागते.

अंतिम कार्यक्रम संगणकावर आणि मोबाइलवर पाहिला जाणार असल्यामुळे इंटरलेस्ड ठेवण्यात अर्थ नव्हता. टाइमलाइन २५ प्रोग्रेसिव्ह ठेवून सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडले असते तर निम्मी हालचाल तरी गेली असती किंवा निम्म्या ओळी तरी. म्हणून संपादनापूर्वीच क्यूटीजीएमसी या एव्हीसिंथच्या स्क्रिप्टने डीइंटरलेस करून प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम बनवली आणि ५० प्रोग्रेसिव्ह फाइल तयार केली. ही प्रक्रिया संथ आहे, पण नृत्याच्या हालचाली पाहिल्यावर तो वेळ सत्कारणी लागला असे वाटते. घाई असेल तेथे एफएफएमपेगमधील बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टरही समाधानकारक काम करतो.

या कामांचा क्रम मात्र कधीही उलटू नये: आधी डीइंटरलेस, नंतर काप, शेवटी आकार वाढवणे. मालकांच्या एमपी४मधील जाड पट्टे याच चुकीच्या क्रमाचे फळ होते. कन्व्हर्टरने गुंफलेल्या ५७६ ओळी सरळ १०८०पर्यंत ताणल्या होत्या, त्यामुळे दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. एकदा असे झाले की सम-विषम ओळी वेगळ्या काढण्याचा मार्गच उरत नाही. ती फाइल टाकून देण्यास सांगितले.

पांढरा पोशाख, लाल पोशाख

पांढरा पोशाख पेटल्यासारखा दिसत होता, त्यावरील नक्षी गायब होती. या प्रकारच्या ८ बिट व्हिडिओमध्ये काळा १६वर आणि पांढरा २३५वर मानला जातो, पण कॅप्चर उपकरण त्यापलीकडची मूल्येही नोंदवू शकते. वेव्हफॉर्म या उजळपणाच्या आलेखात पाहता पोशाखाची पातळी १०० टक्क्यांच्या वर गेलेली होती, परंतु वरच्या मर्यादेला आदळून सपाट झालेली नव्हती. म्हणजे नक्षी फाइलमध्ये होती, पडद्यावर कापली जात होती. मध्ये आरजीबीत रूपांतर झाले असते तर ती तेथेच नष्ट झाली असती. प्रोरेस फाइलवर, इतर कोणताही इफेक्ट लावण्याआधी, वरची पातळी खाली आणताच ती परत आली. पातळी खरोखर सपाट झालेली आढळली असती, तर कॅप्चर उपकरणाची प्रखरता कमी करून कॅसेट पुन्हा उतरवणे समर्थनीय ठरले असते. या संपूर्ण प्रकरणात पुनर्कॅप्चरची गरज सिद्ध करू शकणारी ही एकमेव कसोटी होती.

लाल पोशाख किंचित नारिंगी दिसत होता. फाइलमध्ये रंगांच्या मानकाची नोंद नव्हती आणि अंतिम टाइमलाइन उच्च रिझोल्यूशनची असल्याने सॉफ्टवेअरने बीटी.७०९ हे एचडीचे रंगमानक गृहीत धरले होते, तर जुन्या मानक व्याख्येच्या व्हिडिओला बीटी.६०१ लागते. या अदलाबदलीत लाल उजळून नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा गडद होतो. त्वचेच्या रंगातही फरक पडतो, पण तो इतका सूक्ष्म असतो की लोक बऱ्याचदा हाताने रंग दुरुस्त करत बसतात. येथे योग्य खूण लिहिल्यावर हाताने काहीच करावे लागले नाही.

ध्वनी, आणि जे दोष फाइलचे नव्हते

पूर्ण लांबीची फाइल तपासताना उत्तरार्धात ओठ आणि आवाज जुळत नसल्याचे आढळले. असा फरक सुरुवातीपासून स्थिर असेल तर तो साधा सरकाव असतो. हळूहळू वाढत गेला तर ध्वनी व चित्र यांची घड्याळे वेगळी चालली असे समजावे. आणि एका ठिकाणी अचानक उडी मारत असेल तर तेथे फ्रेम गळालेल्या असतात. येथे तिसरा प्रकार होता. चित्रीकरण थांबवून पुन्हा सुरू केलेल्या जागी फितीवरील सिग्नल तुटला होता, आणि वाटेत टाइम बेस करेक्टर (सिग्नलची वेळ स्थिर करणारे उपकरण) नसल्याने कॅप्चर उपकरण काही फ्रेम चुकले होते. तेथे ध्वनी कापून सरकवला.

चित्राच्या तळाशी काही ओळींत थरथरणारी रेघ होती, आणि वरच्या कडेला उभ्या रेषा वाकत होत्या. मालकांना हे नवे बिघाड वाटले. पहिले व्हीसीआरची हेड बदलताना उमटणारा डाग आहे, दुसरे फितीच्या वेगातील अस्थिरतेचे चिन्ह आहे. दोन्ही फितीवर पहिल्यापासून होते आणि जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवत असल्याने कोणाला दिसले नव्हते. तळाचा पट्टा काळ्या रंगाने झाकला. वरचा वाकडेपणा आहे तसा ठेवला, कारण तो काढायचा तर चांगला करेक्टर लावून पुन्हा कॅप्चर करावे लागले असते, आणि एवढ्या दोषासाठी फितीला आणखी एक फेरा देणे मला योग्य वाटले नाही.

संग्रहासाठी इंटरलेस्ड स्वरूपातीलच एक प्रत एफएफव्ही१ कोडेकमध्ये, मॅट्रोस्का कंटेनरमध्ये बनवली. दोन्हींचे तपशील खुल्या मानकांत नोंदलेले आहेत, एफएफव्ही१चा २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून, आणि पिक्सेलचे गुणोत्तर, फील्डचा क्रम व रंगांचे मानक लिहिण्याची जागा त्यांत आहे. ती यावेळी भरली. हे रूपांतर हानीरहित असल्यामुळे फाइलचा आकार बदलला तरी पिक्सेल बदलत नाहीत. त्याची खात्री करण्यासाठी मूळ एव्हीआय आणि नवी फाइल या दोन्हींच्या डीकोड केलेल्या प्रत्येक फ्रेमची चेकसम काढून याद्या ताडून पाहिल्या. त्या तंतोतंत जुळल्या, आणि त्यानंतरच मूळ एव्हीआय हलवण्यास किंवा पुसण्यास मालकांना संमती दिली.